कायद्याच्या तत्त्वज्ञानात पीएचडी: सारखे सारखे येणारे प्रश्न

माझी पीएचडी ज्युरिस्प्रुडन्समधली, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानातली, आहे हे कळल्यापासून मेसेज थांबलेले नाहीत. बरेचसे एलएलएमच्या शेवटच्या सेमिस्टरमधल्या मुलामुलींचे असतात, काही वकिलांचे, आणि अधूनमधून नोकरी-संसार सांभाळून आता तरी करूच म्हणणाऱ्या एखाद्या ताईंचे. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतोय. नियमांबद्दल जे लिहिलंय ते यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी रेग्युलेशन्सप्रमाणे आहे, विद्यापीठं त्यात आपापल्या अटी वाढवतात, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचाच.

१. ज्युरिस्प्रुडन्समध्ये पीएचडी म्हणजे नक्की काय करायचं? एलएलबीला होता तोच विषय ना?

विषय तोच, काम वेगळं. एलएलबीला आपण ऑस्टिन म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, केल्सन म्हणजे ग्रुंडनॉर्म (सगळ्या कायद्याला वैधता देणारा मूळ नियम) असं पाठ करतो, शॉर्ट नोट लिहितो आणि सुटतो. पीएचडीत एकच प्रश्न घेऊन तीन-चार वर्षं त्याच्याशी झटायचं असतं.

उदाहरण घ्या. १९५१ चा मुंबई हायकोर्टाचा नरसू अप्पा माळी निकाल बहुतेकांनी वाचलेला असतो. न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी म्हटलं की पर्सनल लॉ (धर्मानुसार लग्न-वारशाचे नियम) हा घटनेच्या कलम १३ मधल्या 'लॉज इन फोर्स'मध्ये, म्हणजे मूलभूत हक्कांशी विसंगत असतील तर रद्द ठरणाऱ्या प्रचलित कायद्यांमध्ये, येत नाही. आता घटनेचा अभ्यास करणारा विचारेल की कलम १३ चा हा अर्थ बरोबर का आणि पुढच्या निकालांनी त्याचं काय केलं. थिअरीवाला एक पायरी खाली उतरतो: जे लाखो घरांत लग्न, वारसा, दत्तक ठरवतं, ज्याच्यावर कोर्टं रोज निकाल देतात, ते 'कायदा' नसेल तर मग आहे तरी काय, आणि एखादी गोष्ट कायदा आहे की नाही हे कशावरून ठरतं? हा दुसरा प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नसेल तर हा विषय तुमचा आहे.

२. पात्रता काय? एक वर्षाचं एलएलएम चालतं का?

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, एससी, एसटी, ओबीसी (नॉन क्रिमीलेयर), दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्के सूट. एक वर्षाचं एलएलएम यूजीसीनेच सुरू केलेलं आहे, त्यामुळे चालतं. २०२२ च्या नियमांत चार वर्षांच्या पदवीवर ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीचीही सोय आहे, पण विधी विभाग सहसा एलएलएमच मागतात, त्या वाटेवर फार विसंबू नका.

३. माझं एमए फिलॉसॉफी आहे, एलएलबी नाही. मला करता येईल का?

येईल, पण बहुधा फिलॉसॉफीच्या विभागातून. तिथे 'लीगल फिलॉसॉफी' हा राजकीय तत्त्वज्ञानाचा किंवा नीतिशास्त्राचा भाग म्हणून धरतात. खरा मुद्दा नंतरचा आहे: लॉ कॉलेजात कायदा शिकवायला एलएलएम लागतं, नुसत्या फिलॉसॉफीच्या पीएचडीवर ती नोकरी मिळत नाही. उलट्या बाजूने, ज्यांचं एलएलएम आहे पण फिलॉसॉफी विभागात जायचंय त्यांनी आधी त्या विभागाला 'संलग्न विषय' म्हणून कायदा चालतो का ते लेखी विचारून घ्या. फोनवर कुणी 'हो हो चालेल' म्हणालं यावर भरवसा ठेवू नका, माझ्या ओळखीतल्या एकीचं अख्खं वर्ष त्यात गेलं.

४. नेट द्यायची की विद्यापीठाची पेट?

जमेल तर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्याच. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन प्रकारांत लागतो: जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप), सहायक प्राध्यापक अधिक पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. खालच्या दोन प्रकारांत नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि इंटरव्ह्यूला ३० टक्के वजन आहे, आणि प्रवेशासाठी तो स्कोअर एकच वर्ष चालतो. पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) असेल तर पेपर अर्धा रिसर्च मेथडॉलॉजीवर आणि अर्धा विषयावर. आपल्या विषयवाल्यांसाठी चांगली गोष्ट म्हणजे नेट लॉच्या सिलॅबसचं पहिलंच युनिट ज्युरिस्प्रुडन्स आहे.

जेआरएफला वयाची अट ३० आहे, पण एलएलएम असलेल्यांना ३ वर्षं सवलत मिळते, हे कित्येकांना माहीतच नसतं आणि ते आपलं वय निघून गेलं समजून फॉर्मच भरत नाहीत. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षं.

५. टॉपिक कसा शोधायचा? तुम्ही एखादा सुचवाल का?

सुचवणार नाही, पण कसा सापडतो ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाच हवा.

माझं पहिलं टायटल होतं 'अ क्रिटिकल स्टडी ऑफ कॉन्स्टिट्यूशनल मोरॅलिटी इन इंडिया'. इंटरव्ह्यूला बाहेरून आलेल्या एका मॅडमनी सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) दोनदा उलटून पाहिला आणि विचारलं, 'यात प्रश्न कुठे आहे?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी त्याच विषयाचा धागा मागे मागे ओढत नेला. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत 'कॉन्स्टिट्यूशनल मोरॅलिटी' (घटनात्मक नैतिकता) हा शब्द वापरला तो ग्रोट या इतिहासकाराचा आधार घेऊन, आणि संदर्भ होता प्रशासनाचे बारीकसारीक तपशील घटनेत का घातले याचा, म्हणजे घटनेच्या रूपाचा आणि रीतीचा आदर अजून लोकांत रुजलेला नाही, तो रुजवावा लागेल, म्हणून. आणि २००९ चा नाझ फाउंडेशनचा निकाल, २०१८ चे नवतेज जोहर (दोन्ही समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणणारे) आणि शबरीमला (मंदिरात महिलांचा प्रवेश), यात कोर्ट तोच शब्द वापरतंय तो समाजाच्या प्रचलित नैतिकतेच्या विरोधात, एक कसोटी म्हणून. शब्द एक, काम दोन. तिथे माझा प्रश्न सापडला: कोर्ट या नावाने निर्णय देतं तेव्हा ते आधीपासून असलेला कायदा सांगतं की नवा घडवतं? नियम संपतात तिथे न्यायाधीश नवा कायदा करतो म्हणणारा हार्ट आणि तो आधीच्याच तत्त्वांतून उत्तर काढतो म्हणणारा ड्वॉर्किन, यांच्यातला अख्खा वाद याच फटीत बसलेला आहे.

कसोटी साधी ठेवा. तुमचा टॉपिक प्रश्नचिन्ह असलेल्या एका वाक्यात कायदा न शिकलेल्या माणसाला सांगता आला पाहिजे. मी माझ्या मामींना सांगितला, त्या झेडपीच्या शाळेत शिकवायच्या, त्या म्हणाल्या, 'म्हणजे पंचाने खेळ चालू असताना नियम केला का, असंच ना?' असंच.

आणि प्रश्न शोधायला लांब जायची गरज नाही. गोव्यात बघा, १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगालची सत्ता संपली, खुद्द पोर्तुगालने पुढे १९६६ मध्ये नवी संहिता केली, पण गोव्यात लग्न आणि वारसा या बाबतीत जुनी चालूच राहिली. मग तिची वैधता येते कुठून? संसदेने १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले म्हणून ती आता भारतीय कायदाच आहे, असं उत्तर सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये दिलं. केल्सनवाल्याला हे उत्तर पटेल, पण ज्या लोकांनी १९ तारखेला आणि २० तारखेला तोच नियम पाळला त्यांच्या दृष्टीने काही बदललं होतं का? किंवा जातपंचायत घ्या. तिच्याकडे नियम आहेत, निवाडा करणारे आहेत, दंड आहे, आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करून तिच्या शिक्षेलाच गुन्हा ठरवलं. ती व्यवस्था वाईट आहे यात मला शंका नाही, पण ती 'कायदा' का नाही हे नीट सांगून दाखवा, बघा किती अवघड जातं.

६. गाइड म्हणतात हायपोथिसिस आणि सर्व्हे घातल्याशिवाय सिनॉप्सिस पास होणार नाही. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण चांगले प्रश्न इथेच मारले जातात. शंभर वकिलांना 'कायदा आणि नैतिकता वेगळे आहेत असं तुम्हाला वाटतं का, होय / नाही / सांगता येत नाही' असा गुगल फॉर्म पाठवून त्यांना काय वाटतं ते कळतं, ते वेगळे आहेत का ते कळत नाही. पण कमिटीसमोर हे ताठपणे बोलून उपयोग नसतो.

त्यापेक्षा असं करा. हायपोथिसिसच्या रकान्यात तुमचं प्रतिपादन लिहा, एका वाक्यात, असं की कुणी त्याला ठामपणे 'नाही' म्हणू शकेल. मेथडॉलॉजीत 'डॉक्ट्रिनल' (कायदे आणि निकाल वाचून केलेलं संशोधन) एवढंच लिहून सोडू नका, संकल्पनात्मक विश्लेषण म्हणजे तुम्ही काय करणार ते चार ओळींत सांगा: कोणत्या संकल्पना, कोणते निकाल ओळ न् ओळ वाचणार, कोणत्या विरोधी मताला उत्तर देणार. कमिटीला पद्धत दिसली की बहुतेक वेळा ती सर्व्हेचा आग्रह सोडते.

अपवाद आहे, तो महत्त्वाचा. तुमचं म्हणणंच जर लोकांच्या व्यवहारावर उभं असेल तर फील्डवर जायलाच हवं. हार्टचा 'रूल ऑफ रेकग्निशन' (कायदा कोणता हे ओळखायचा नियम) अधिकारी मंडळी प्रत्यक्षात काय मानून वागतात यावर टिकलेला आहे, आणि १९६१ च्या पुस्तकाला तो स्वतःच वर्णनात्मक समाजशास्त्रातला निबंध म्हणता येईल असं म्हणतो. त्यामुळे गडचिरोलीतल्या लेखा-मेंढासारख्या गावात, जिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणते, तिथे 'नियम' कशाला म्हणतात यावर लिहायचं असेल तर ग्रामसभेत जमिनीवर मांडी घालून बसावं लागेल, एकदा नाही, अनेकदा. फॉर्म भरून घेणं म्हणजे फील्डवर्क नाही.

७. सुरुवात कुठल्या वाचनापासून करू?

गाइडबुकांपासून नको. कायदा आणि नैतिकता वेगळे का यावरचा हार्टचा १९५८ चा हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमधला लेख आणि त्याच अंकातलं फुलरचं उत्तर, हे दोन आधी वाचा, शेजारी शेजारी ठेवून. वाद कसा घालतात हे दिसतं: समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं आणि मग हात घालायचा. त्यानंतर एडीएम जबलपूर, १९७६ (आणीबाणीतल्या अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही असं म्हणणारा निकाल), विशेषतः न्या. खन्नांचं विरोधी मत, आणि मग २०१७ चा पुट्टस्वामी (खासगीपणाचा हक्क मान्य करणारा निकाल), ज्यात जबलपूरचं ते बहुमत रद्दबातल ठरवलं गेलं. हार्ट-फुलर वाचून झाल्यावर जबलपूर वाचलं की अंगावर येतं.

आपल्याकडचंही वाचा. पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांचा आहे, १९३० ते १९६२ या काळात आला, आणि लिहिणारा माणूस मुंबई हायकोर्टात वकिली करणारा होता हे पानोपानी जाणवतं. एकाच वचनाचे मिताक्षरा आणि व्यवहारमयूख हे धर्मशास्त्रावरचे जुने ग्रंथ वेगळे अर्थ कसे लावतात हे बघणं म्हणजे अर्थनिर्णयाचा उत्तम क्लास आहे. फक्त 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' या निष्कर्षावर उडी मारू नका, त्याने थीसिस होत नाही.

८. थीसिस मराठीत लिहिता येतो का?

काही विद्यापीठं परवानगी देतात, विभागाला विचारा. माझं मत विचाराल तर लिहिता येत असेल तर जरूर लिहा, आणि इंग्रजीत लिहिणार असाल तरी विचार मराठीत करून बघा, कारण भाषा कधी कधी थिअरी सोपी करते.

हॉफेल्डने १९१३ मध्ये दाखवलं की इंग्रजीत 'राइट' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. आता गावाकडची बांधावरच्या रस्त्याची केस घ्या. शेजाऱ्याने रस्ता अडवला, माणूस मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे गेला. आपण काय म्हणतो? त्या शेतकऱ्याला रस्त्याचा 'हक्क' आहे, आणि तहसीलदाराला रस्ता खुला करायचा 'अधिकार' आहे. हे दोन शब्द कुणी अदलाबदल करून वापरत नाही. पहिला हॉफेल्डचा क्लेम, ज्याच्यासमोर शेजाऱ्याचं कर्तव्य उभं आहे, दुसरा त्याची पॉवर, जिने दुसऱ्याची कायदेशीर स्थिती बदलते. इंग्रजीत ज्याच्यासाठी तक्ता काढावा लागतो तो फरक आपण तहसील कचेरीच्या पायरीवर रोज करतो. म्हणूनच घटनेच्या मराठी आवृत्तीत 'मूलभूत हक्क' आहे, हिंदीत 'मूल अधिकार', आणि हिंदीवरून उचलून 'मूलभूत अधिकार' लिहिलं की मला खटकतं.

एक सावधगिरी: ज्युरिस्प्रुडन्सला 'न्यायशास्त्र' म्हणाल तर गौतम ऋषींच्या न्यायदर्शनाशी, म्हणजे तर्कशास्त्राशी, गोंधळ होतो. 'विधिशास्त्र' बरं.

९. पैशाचं काय?

जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला (सीनियर फेलोशिपला) ४२,०००, घरभाडं वेगळं. महाराष्ट्रात सरकारी संस्थाही फेलोशिप देतात: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. पैसे उशिरा जमा होतात हे धरून चाला, सहा महिने निघतील एवढी सोय आधी करून ठेवा, हे मी अनुभवाने सांगतोय.

१०. वकिली चालू ठेवून करता येईल का?

पार्ट टाइम पीएचडीला नियमांत जागा आहे, नोकरी असेल तर मालकाची एनओसी लागते. बार कौन्सिलचा नियम ४९ पूर्ण वेळ पगारी नोकरीला मनाई करतो, स्वतःच्या अभ्यासाला नाही. पण प्रश्न ९ मधल्या फेलोशिप पूर्ण वेळ संशोधनासाठी असतात, ती घेऊन रोज कोर्टात उभं राहणं बसत नाही. कायदा शिकवायचा असेल तर वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत सनद न सोडता शिकवता येतं. खरं सांगायचं तर थिअरी सकाळी डोकं ताजं असताना लागते आणि नेमकं तेव्हाच कोर्टाचा बोर्ड (त्या दिवशीच्या केसची यादी) लागलेला असतो, ज्यांनी दोन्ही निभावलं त्यांनी आठवड्याचे दोन दिवस पक्के बाजूला काढले होते.

११. गाइड दोन वर्षांत रिटायर होणार आहेत. घ्यावं का?

घेताच येणार नाही. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घ्यायला मनाई आहे. आधीच नोंदणी झालेली असेल तर ते निवृत्तीनंतर को-गाइड म्हणून ७० वर्षांपर्यंत राहू शकतात. जागाही मर्यादित असतात: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायककडे चार. थिअरीत गाइड मिळणं तसंही कठीण, कारण बहुतेक विभागांत घटना आणि क्रिमिनलवालेच जास्त. विषयाचा तज्ज्ञ नसला तरी तुमचा मसुदा खरोखर वाचणारा आणि समासात 'का?' लिहिणारा माणूस मिळाला तर तो घ्या.

१२. किती वर्षं लागतात? मधे बाळंतपण, लग्न, बदली आली तर?

कोर्सवर्क (सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) धरून कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, एकूण दहाच्या आत. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्नामुळे किंवा इतर कारणाने दुसऱ्या गावी जावं लागलं तर महिलांना संशोधन तिथल्या संस्थेत नेता येतं. हा नियम ऑफिसमधल्या क्लार्कलाही कधी कधी माहीत नसतो, तेव्हा रेग्युलेशन्सची प्रिंट पर्समध्येच ठेवा.

१३. निकालांचे उतारे दिल्यामुळे साहित्यचोरी तपासणारं सॉफ्टवेअर ३५ टक्के साम्य दाखवतंय. रिजेक्ट होईल का?

लगेच घाबरू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत काही होत नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायला सांगतात, ४० ते ६० ला एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. पण श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, संदर्भसूची, आणि कायद्याची कलमं यातून वगळायची असतात. लायब्ररीत त्या गाळण्या लावून पुन्हा चेक करायला सांगा. तरीही आकडा मोठा राहिला तर अर्थ असा की तुम्ही निकाल चिकटवताय, त्याच्याशी बोलत नाही. सलग दीड पान उतारा आणि खाली तुमच्या दोन ओळी, असं पान दिसलं की ते पुन्हा लिहा.

१४. पेपर छापून आल्याशिवाय थीसिस जमा करता येत नाही ना?

२०२२ पासून यूजीसीची ती सक्ती नाही, तुमच्या विद्यापीठाने ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. यूजीसी-केअर ही मान्य जर्नल्सची यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या जर्नलपासून लांब राहा. नोकरीसाठी म्हणाल तर १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला नेट किंवा राज्याची सेट / स्लेट परीक्षा ही किमान अट आहे, म्हणजे पीएचडी झाली तरी प्रश्न ४ सुटत नाही.

१५. थीसिस अर्धा झाला आणि सुप्रीम कोर्टाने विषयच उलटा केला. आता?

हे घडतंच, १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा किती जणांचे चॅप्टर जुने झाले. तुमचा प्रश्न 'आज कायदा काय आहे' असा असेल तर बरंच पुन्हा लिहावं लागेल. प्रश्न संकल्पनेचा असेल तर उलट हातात नवीन पुरावा आला. कुणी २०१६ मध्ये जबलपूरवर लिहीत असतं, की अन्याय्य आदेशही वैध कायदा असू शकतो का, तर २०१७ ला त्याचा थीसिस बुडाला नसता, त्याला शेवटचा चॅप्टर मिळाला असता. टायटल बदलायचं असेल तर रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटीकडे लेखी अर्ज करा, थीसिस जमा करायच्या आधी, नंतर नाही.

१६. परदेशात करायचं असेल तर?

अमेरिकेत कायद्याची संशोधन पदवी जेएसडी किंवा एसजेडी या नावाने असते आणि तिला आधी एलएलएम लागतं, इंग्लंडमध्ये पीएचडी, ऑक्सफर्डला तिलाच डीफिल म्हणतात. तिथे टॉपिकपेक्षा रायटिंग सँपलवर जास्त ठरतं, म्हणून प्रश्न ५ चं काम इथेच पूर्ण करून जा.

१७. एका परीक्षकाने रिपोर्ट निगेटिव्ह दिला तर सगळं संपलं का?

नाही. दोन बाहेरच्या परीक्षकांपैकी एकाचा अहवाल प्रतिकूल आला तर थीसिस मंजूर पॅनलमधल्या आणखी एकाकडे जातो. त्याचा अनुकूल आला तर व्हायवा (तोंडी परीक्षा) होतो, नाही आला तर थीसिस नाकारला जातो. थिअरीत असं होण्याचा संभव जरा जास्त, कारण परीक्षक दुसऱ्या घराण्यातला निघाला तर त्याला तुमचं गृहीतकच मान्य नसतं. म्हणून पहिल्याच चॅप्टरमध्ये तुम्ही काय गृहीत धरताय आणि का ते उघड लिहा, आणि विरोधी मताला एक पूर्ण चॅप्टर द्या, तळटीप नको. माझ्या एका परीक्षकांनी अहवालात लिहिलं होतं की उमेदवाराचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण माझ्या बाजूचा युक्तिवाद त्याने प्रामाणिकपणे मांडला आहे. व्हायवाला त्यांनी सगळा वेळ तिसऱ्या चॅप्टरवर भांडण केलं, आणि सही केली.